कुंकवाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि सध्या खोक्यात पडून आहे. पण मी बिघडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या धामणगाव बढे गावात कोणालाही विचारा, माझ्याबद्दल उलटेच सांगतील.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो, ते पाठीवरच्या कागदी पट्टीवर लिहिलेले होते. ती पट्टी केव्हाच निघून गेली. मला आठवते ती गजेंद्र सरांच्या टायपिंग क्लासची खोली. तिथे पोरांनी मला बडवले, चिवड्याचे तेलकट हात लावले, अक्षरे पुसून टाकली. तरी मी कोणाचे एक अक्षर गाळले नाही. नवे पालक आले की सर माझ्यावर टिचकी मारत आणि म्हणत, "पाहा, अजून कसा टणक आहे." माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच.

मग अश्विनी आली. भाजीपाला पिकवणाऱ्या निवृत्तीभाऊंची ही मोठी मुलगी. टायपिंगची परीक्षा पास झाली की तिला क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि तिचे सगळे घर त्या परीक्षेकडे डोळे लावून बसले होते. तिच्या बोटांना मेथीचा वास येई. ती मला बडवत नसे. शेवटी शेवटी तर ती माझ्याकडे न बघता सरळ लिहीत जाई. तिच्यावर माझा जीव जडला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. त्या दिवशी यंत्राकडून काम घ्यायचे नाही, हा नियम सर फार कडक पाळतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे प्लग काढून ठेवले. "यायलेबी सुट्टी पाहिजे," असे म्हणाले. सकाळी अश्विनीने मला आणि शेजारच्या माउसला ओल्या कुंकवाची बोटे लावली आणि वर झेंडूचे फूल ठेवले. इतक्या प्रेमाने मला कोणी कधी हाताळले नव्हते.

दसरा झाला, क्लास उघडला. बाकीचे संगणक नीट सुरू झाले. आमचा संगणक सर्वांत जुना; त्याच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली की पुढे जायचे असेल तर एफ-वन दाबा. सरांनी दाबले. मी हुकूम पोचवला, संगणक पुढे सरकला. मग विंडोज आले आणि माझा हिरवा दिवा विझला. माउसही गप्प झाला. सरांनी पुन्हा बंद करून चालू केले. पुन्हा एफ-वन दाबले, पुन्हा मी पोचवले, पुन्हा विंडोज आल्यावर दिवा गेला. मित्रांनो, ज्याचे बटण दाबून हा माणूस पुढे जात होता, त्यालाच तो मेलेला म्हणत होता.

"सर, सुरू होते तवा याच्यावर तारीख लय जुनी दिसून राह्यली," अश्विनी म्हणाली.

"तारखेचं काय घेऊन बसली? याले कुंकू कोणं लावलं?"

"मी लावलं, सर."

"ओलं कुंकू! पाणी गेलं आतमधी. दोघायले तूच लावलं अन् दोघंबी गेले."

"दुसऱ्या कम्प्युटरले लावून पाहू काय?"

"मंग तोबी जाईन. आता तू कशालेच हात लावू नको."

पोरे हसली. दुसऱ्या संगणकावर सरांनी तिला बसू दिले नाही. काही दिवस ती येऊन बाकावर बसायची आणि मांडीवर बोटे चालवायची. मग यायची थांबली. परीक्षा आली आणि गेली, ती बसलीच नाही.

नवी बॅच आली तेव्हा सरांनी मला खोक्यात टाकून नवा कीबोर्ड आणला. तोही एफ-वनपर्यंत चालला आणि विंडोज येताच विझला. तेव्हा कुठे त्यांनी मोताळ्याहून भागवत नावाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. भागवतने संगणक उघडला, आतला नाण्याएवढा सेल बदलला, निळ्या पडद्यावर जाऊन एक सेटिंग चालू केली. नवा कीबोर्ड चालला. मग त्याने खोक्यातून मला काढून जोडले. मीही चाललो.

"हा तं चांगला आहे," तो म्हणाला. "सेल संपला होता. तुम्ही प्लग काढून ठेवले अन् आतला मदरबोर्ड सारी सेटिंग विसरला. सुरुवातीले कीबोर्ड मदरबोर्डाच्या ताब्यात राह्यते, मंग तो विंडोजले चार्ज देते. ते देणंघेणंच बंद पडलं होतं. जुना तलाठी गेला अन् नव्यानं चार्ज घेतलाच नाही, असं समजा."

"मंग ते कुंकू?" सरांच्या पत्नी मंजुश्रीताईंनी विचारले.

"कुंकवानं काय होते?"

भागवत गेल्यावर ताई म्हणाल्या, "अहो, अश्विनीले निरोप धाडू काय?"

"कशाले? परीक्षा तं होऊन गेली," सर म्हणाले आणि मला परत खोक्यात टाकले.

परवा अश्विनी आली होती, धाकट्या बहिणीला, छकुलीला, क्लास लावायला. दारातच उभी राहिली, हात मागे बांधून. सर आत होते, ताई आत होत्या. छकुली टेबलाकडे धावली तशी अश्विनी घाईने म्हणाली, "कशालेच हात लावू नको वं. माह्या हातानं खराब झालं होतं."

आळ खोटा निघाल्याचे तिला कोणीच सांगितले नाही.

मित्रांनो, वस्तू बंद पडली तर फेकण्याआधी ती दुसरीकडे जोडून बघा. आणि चूक आपली निघाली, तर जिच्यावर आळ घेतला तिच्या घरापर्यंत चालत जा. धामणगावात ते घर फार लांब नाही. मला जाता आले असते तर मी केव्हाच गेलो असतो.