शेवटच्या तीन थांब्यांची ट्राम

मी एक जुनी ट्राम आहे. जुनी म्हणा, पण बिचारी म्हणू नका. अजूनही रोज सकाळी मी आगारातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते.

मित्रांनो, हॉलंडमधल्या एका बंदराच्या शहरात माझं आयुष्य गेलं. चाळीस वर्षांपूर्वी पोलादी पत्रे जोडून मला घडवलं आणि पिवळा रंग दिला. माझी कंपनी शहराच्या मालकीची. तिचा एकूण एक हिस्सा नगरपालिकेकडे आणि गाड्या चालवणारी माणसंही तिचीच. मी कुणा एका शेठची नव्हते, गावाची होते, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. गोदीतले कामगार, शाळेची मुलं, सायकल पंक्चर झालेले साहेब, सगळे माझ्या बाकांवर मांडीला मांडी लावून बसत. लांबून मला पाहिलं की म्हणत, "आली आपली नऊ नंबर!"

मग नगरपालिकेत नवा विचार निघाला. मालकी शहराचीच राहू द्या, पण चालवायचं काम बाहेरच्या कंपनीला द्या. जी सर्वांत स्वस्तात चालवेल तिला. त्याची तयारी म्हणून आधी काटछाट सुरू झाली. माझा हीटर बिघडला तो तसाच राहिला. दारांना गंज चढला. कार्यशाळेतला विन्स्टन चिडून म्हणायचा, "सामान मागितलं की वरून उत्तर येतं, म्हातारीवर खर्च नको. म्हातारी म्हणे! यांच्या नव्या गाड्या बर्फात अडकतात तेव्हा ओढून कोण आणतं?"

जानेवारीत हुकूम आला. सोमवारपासून नऊ नंबर इस्पितळापाशीच वळेल, पुढचे तीन थांबे बंद. पुढे समुद्राच्या बांधालगत जुनी वस्ती आहे, मासळीबाजारात हयात घालवलेल्या माणसांची. तिथे तोसबाई राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. त्यांचे यजमान आरी इस्पितळात होते आणि बाई रोज त्यांच्यासाठी वाटाण्याचं घट्ट सूप घेऊन जायच्या.

त्या सोमवारी दुपारी बाई इस्पितळातून निघून माझ्यात बसल्या. दाराशी तपासनीस उभा होता.

"बाई, उतरा. गाडी इथूनच मागे फिरणार."

"सकाळी बांधावरून चालत आले, पाऊण तास. सूप पार गार झालं. आता नाही चालायची मी."

"नियम काही मी केलेला नाही."

"गाडी कुणाची आहे रे?"

"शहराची."

"मग मी काय ॲम्स्टरडॅमची?"

सगळी गाडी हसली. तपासनिसाचे कान लाल झाले. तो ड्रायव्हरकडे वळला, "हिल्के, समजाव ना यांना!"

हिल्के बावीस वर्षं माझ्या दांड्यावर हात ठेवून होती. तिने आरशातून बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढचे रूळ उखडलेत का?"

"नाही."

"तारेत वीज आहे?"

"आहे, पण..."

"मग तू उतर. नाहीतर बस, तुलाही फिरवून आणते."

तो उतरला. हिल्केने दार लावलं आणि मी निघाले. तिन्ही थांबे घंटा वाजवत पार केले. खिडक्या उघडल्या, माणसं दारात आली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, इतक्या ऐटीत मी कोऱ्या रंगातसुद्धा धावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हिल्केला कामावरून निलंबित केलं. चालक भडकले, पण संप केला तर हाल लोकांचेच होणार होते. म्हणून त्यांनी उलटंच केलं. एक दिवस शहरातल्या सगळ्या गाड्या धावल्या आणि तिकीट एकालाही मागितलं नाही. पुढचे सहा आठवडे नऊ नंबरचा प्रत्येक चालक शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. प्रत्येकाला ताकीदपत्र आलं. विन्स्टनने ती पत्रं कार्यशाळेच्या भिंतीवर ओळीने चिकटवली, शाळेतली बक्षीसपत्रं लावावीत तशी.

पाचव्या आठवड्यात आरी गेले. काळा कोट घालून तोसबाई माझ्यातूनच अंत्यविधीला गेल्या.

पुढच्या आठवड्यात याच प्रश्नावर नगरपालिकेची सभा होती. तिथे घडलेलं हिल्केने नंतर विन्स्टनला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. तोसबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा माणूस गेला. मला आता इस्पितळात जायचं कारण उरलं नाही. तरी मी आलेय. उद्या तुमच्यातल्या कुणाचं तरी माणूस त्या खाटेवर असेल."

मतदान झालं. तेवीस विरुद्ध बावीस! चालवायचं काम शहराकडेच राहिलं, तिन्ही थांबे राहिले, हिल्के परत आली. माझा हीटरही दुरुस्त झाला. ऊब कमी देतो आणि खडखडाट जास्त करतो, पण चालतो.

हा विषय पुन्हा सभेत येणार आहे म्हणे. येऊ दे. मित्रांनो, तुमच्या गावातही सगळ्यांच्या मालकीचं काहीतरी असेलच. एखादी बस, वाचनालय, दवाखाना. त्याच्या बाकांवर नावं कोरू नका, हे तर आहेच. पण ते मोडायला काढतील तेव्हा गप्प घरी बसू नका. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असं कुणी म्हणालं तर विचारा, मग इतकी वर्षं ते चाललं कुणाच्या जिवावर?

माझी वेळ झाली. हिल्के घंटेवर पाय ठेवून बसली आहे. आत यायचं तर या. नाहीतर रुळांवरून बाजूला व्हा.