कपाट झेललेला दोर

बचाव पथकात तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं तर ती एकाचीच वहिनी. पण तो धाकटा दीर पथकात भरती झाला आणि नातं साथीसारखं पसरलं. साहेबही वहिनी म्हणू लागले. एकदा विहिरीतून काढलेल्या आजोबांनीही वर येता येता वहिनीच म्हटलं.

आत्ता ती सहा मजली इमारतीच्या गच्चीवर होती. खाली चौथ्या मजल्याबाहेर एक रंगारी रंगकामाच्या तिरक्या झालेल्या झुल्याला लटकला होता. रंगाचा डबा गेला, ब्रश गेला, एक बूट गेला, आता आपलाच नंबर, असं तो दर थोड्या वेळाने वर कळवत होता. चौथ्या मजल्याच्या खिडक्यांना गज होते, म्हणून वरूनच उतरायचं होतं.

घाई कितीही असो, उतरण्याआधी दोर बोटांतून सरकवून बघायचा, ही पथकाची रीत. लांब दोर सरकवताना मध्येच वहिनीची बोटं बुडाली. वरचं विणकाम नवंकोरं, आतला गाभा मात्र गेलेला. तिथे दोर दुमडला तर तो कागदासारखा मोडला.

तिने दिराकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती.

मग हळूहळू बाहेर आलं. सुट्टीच्या दिवशी त्याच्या सासुरवाडीचं लोखंडी कपाट जिन्यात मावेना, म्हणून पथकाच्या दोराने गॅलरीतून चढवलं. अर्ध्यात ते निसटलं, मजलाभर खाली आलं आणि दोराने झेललं. हे सगळं त्याने दोराचं कौतुक म्हणून सांगितलं. कपाटाला साधा पोचा आला नाही, म्हणाला.

जबर हिसका बसलेला दोर कितीही गोरागोमटा दिसला तरी कापून टाकायचा, हे नव्या भरतीला शिकवायचा तो हाच. आणि याच पठ्ठ्याने तो दोर धुतला, सावलीत वाळवला आणि असा देखणा गुंडाळून खुंटीला लावला, की साहेबांनी इतरांना तो नमुना म्हणून दाखवला होता.

वहिनीच्या मस्तकात तिडीक गेली. ओरडायला वेळ नव्हता, याचा तिला आणखी राग आला.

उरलेले दोर धड होते, पण आखूड. गच्चीवरून पुरत नव्हते, पाचव्या मजल्याच्या बिनगजाच्या खिडकीतून पुरले असते. सगळे खाली धावले. तिथल्या घरमालकिणीने आधी बूट काढायला लावले. रंगाऱ्याने बाहेरून नवी हाक दिली तरी काढायला लावले. दोर जिन्याच्या खांबाला बांधून बैठकीतून खिडकीपर्यंत आणला, चौकटीवर घासू नये म्हणून खाली गोधडी घातली.

एरवी वहिनी उतरायची आणि दीर दोर धरायचा.

"आज तू उतर. मी धरते," ती म्हणाली. "तुझ्या हातात आज मी माझा जीव देणार नाही."

त्याने कमरेला आठाची गाठ मारली. तिने सोडायला लावली, पुन्हा मारायला लावली. त्याच्याशी जन्मात बोलायचं नाही असं ती जिन्यातच ठरवून आली होती. पण खिडकीत बसून त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "वहिनी, धरलं?" आणि उत्तर आल्याशिवाय कुणी पाय सोडत नाही.

"धरलं," ती म्हणाली. शिवी दिल्यासारखं.

त्याने रंगाऱ्याला पट्ट्यांत अडकवलं. पथकातल्या बाकीच्यांनी वेगळ्या दोरांनी त्याला आत ओढलं. घरमालकिणीने त्याच्याही पायांकडे पाहिलं, पण एकच बूट म्हणून सोडून दिलं.

दीर अजून बाहेरच होता. खिडकीखालून त्याचा आवाज आला, "वहिनी, चुकलं माझं."

"लटकलेल्या माणसाची माफी मी घेत नाही. वर ये, मग माग."

तो आत आला. गाठ सोडली, पाणी प्याला, मोज्यांकडे बघत जरा उभा राहिला.

"तसा तो दोर टिकलाही असता म्हणा," तो म्हणाला.

बैठकीत कण्हत पडलेला रंगारी कण्हायचा थांबला.

"उद्यापासून दोरांच्या खोलीत पाय ठेवायचा नाहीस," वहिनी म्हणाली. "साहेबांना मीच सांगते."

"आणि घरी?"

"घरी ये. तिथे तुझ्या हातात कुणाचा जीव नसतो."