वीणा गळ्यात आणि सायली मॅडम फोनात

या, या, जरा पुढं सरकून बसा. सतरंजी कमी पडली तर माझ्या उपरण्यावर बसा, पण लांब बसू नका. बुवा आख्यान लावतात तसं मला लावता येत नाही. पण जे सांगतो ते आमच्या मांडवात, माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि आठवलं की अजून माझे हात आपोआप वर जातात. का जातात ते पुढं कळेल.

शेंद्र्याच्या अलीकडं आमचं गाव. माघात सप्ताह असतो. सात दिवस वीणा अखंड. अखंड म्हणजे ती भुईला टेकत नाही, खुंटीला लागत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे, त्यांची यादी मांडवाच्या खांबाला चिकटवलेली. दुपारी दोन ते चार पुंजारामभाऊंचा पहारा. आठव्या दिवशी काल्याच्या कीर्तनालाही वीणा त्यांच्याच गळ्यात. बावीस वर्षं हे असंच.

या भाऊंचा डावा खांदा दीड वर्षापासून दुखत होता. तेल झालं, गरम विटेचा शेक झाला, शहरातल्या शहागंजातून आणलेला पट्टा बांधून झाला. सदऱ्याची बाही चढवताना असं तोंड करायचे की समोरच्यालाच दुखावं. पण दवाखान्याचं नाव काढलं की भाऊ लगेच पावसापाण्यावर बोलायला लागायचे. का, ते फक्त त्यांच्या मंडळींना, वच्छलाबाईंना ठाऊक. खांदा चोळून घेताना एकदा ते बोलून गेले होते, "डॉक्टर म्हणंल वीणा सोडा. मंग मी मांडवात काय करू, चपला राखू?"

सून तनुजा मात्र ऐकणारी नव्हती. मुलगा शिवराज कंपनीत पाळीवर जातो. घर, शेत आणि मोबाईल हे तिन्ही तिच्याकडं. तिनं मोबाईलवरूनच तपासणीची वेळ घेतली. सायली मॅडम म्हणून एक फिजिओथेरपिस्ट शहरात बसतात आणि फोनच्या व्हिडिओवर हात-पाय हलवायला लावून दुखणं ओळखतात. वेळ मिळाली ती नेमकी सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, दुपारी चारची. त्यानंतरची पार काला झाल्यावर. आणि त्याच सकाळी भाऊंना चहाची कपबशी डाव्या हातानं तोंडापर्यंत नेता आली नव्हती.

"मामा, चारला पहारा संपला की सरळ घरी यायचं," तनुजानं बजावलं होतं.

आता चारचा पहारा कडुबाचा. तो बुक्का आणि तुळशीच्या माळा आणायला शहागंजात गेलेला. चारला पाच कमी असताना त्याचा फोन आला भिकनला. भिकन म्हणजे आमचा पखवाजवाला. घरची मेंढरं सांभाळतो, पण ठेका धरला की मेंढरं विसरतो.

"कडुबा, कुठंय रे?"

"शहागंजात. हातगाड्यांनी रस्ता जाम झालाय. अर्धा तास लागंल."

"सकाळधरनं शहागंजातच? घर बांधायलास का तिथं?"

एवढ्यात तनुजा वाजणारा फोन घेऊन मांडवात. "मामा, चला, लागला फोन."

"कसा चलू? वीणा कुणाला देऊ?"

आम्ही नऊ टाळकरी एकमेकांकडं बघायला लागलो. पहारा घेणाऱ्यानं अंघोळ करून, उपाशीपोटी यावं असा आमचा दंडक. आणि आम्ही नऊच्या नऊ पंगतीत बुंदी हाणून आलेलो. भिकननं तर ढेकर देऊनच कबुली दिली.

"मंग इथंच," म्हणत तनुजानं वेणीचं रबर काढलं आणि फोन माईकच्या दांडीला, माईकला लागूनच, करकचून बांधला. माईक चालू होता. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"नमस्कार काका, मी सायली. आवाज येतोय का?"

आवाज मांडवात आला, देवळावरच्या भोंग्यातून आला आणि नाल्यापलीकडं हरभरा उपटणाऱ्या बायांनाही आला.

"लई चांगला येतोय, ताई," भाऊ म्हणाले.

मग प्रश्न सुरू झाले. डावी बाजू आहे, छातीत दुखतं का? चालताना दम लागतो? बोटांना मुंग्या येतात? साखर तपासलीय का? भाऊ प्रत्येकाला "नाय" म्हणत गेले; साखरेला तनुजानं मागून सांगितलं, "तपासली, चांगली हाय." सगळ्या गावाला त्या दिवशी भाऊंची साखर कळली.

"आता शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती सांगाल?"

"सकाळी पाच. कीर्तनात शून्य."

"कीर्तनात शून्य कसं?"

"तवा खांदा हाय हेच ध्यानात राहत नाय, ताई."

सायली मॅडम हसल्या. "बरं. आता डावा हात बाजूनं हळूहळू वर न्या. दुखेल तिथं थांबा."

आता आमची रीत ऐका. वीणेकऱ्याचं पाऊल पडलं की टाळकऱ्यांचं पडतं. तो डावीकडं झुकला की आम्ही डावीकडं. यात डोकं लावायचं नसतं, अंगच जातं. भाऊंनी उजव्या हातानं वीणा सांभाळत डावा हात उचलला, तसे आमचे नऊ डावे हात टाळासकट वर. भाऊंचा खांद्याच्या रेषेत अडकला. आमचेही तिथंच अडकले. भिकननं सवयीनं पखवाजावर थाप मारली.

"काका, मागं कोण आहेत?"

"माझी माणसं."

"त्यांचाही खांदा तिथंच दुखतोय का?"

"आता दुखाया लागलाय," भिकन म्हणाला.

नाल्यापलीकडच्या गीताबाईनं नंतर सांगितलं, तिकडं सात बाया हरभऱ्याच्या मुठी घेऊन एक हात वर करून उभ्या होत्या. देवळातून हुकूम आला म्हटल्यावर कोण मोडणार?

"काका, गळ्यातलं ते काढून बाजूला ठेवा. मला दोन्ही खांदे सारखे बघायचेत."

भाऊंनी वीणा छातीशी आवळली. "ठेवता येत नाय, ताई. काल्यापर्यंत हिला भुई दाखवायची नाय."

"मग कुणाच्या तरी हातात द्या."

आम्ही नऊ जण पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरायला लागलो. तेवढ्यात मुदपाकखान्याकडून वच्छलाबाई आल्या, कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. भोंग्यातून सगळं ऐकूनच आल्या होत्या.

"पाच काय सांगता? आठ सांगा. कूस बदलताना कण्हता ते मला ऐकू येतं. ताई, आठ लिवा."

"आठ लिहिते," सायली मॅडम म्हणाल्या.

आणि भिकनला सुचलं. खरं तर ते आम्हा सगळ्यांनाच बावीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. "वहिनी सातही दिवस निरंकार उपास करतात. सकाळधरनं पाणीच प्यायल्यात."

बाईनं वीणा घेऊ नये असं आमच्याकडं कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी घेतली नव्हती, एवढंच. वच्छलाबाईंनी भाऊंकडं पाहिलं. भाऊंनी मान हलवली. त्या हातपाय धुऊन आल्या, पदर खोचला, वीणेच्या पाया पडल्या आणि मान पुढं केली. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. तार वाजली. वच्छलाबाईंनी "राम कृष्ण हरी" उचललं. तेही सुरात. बावीस वर्षं ही बाई पोळ्या लाटताना काय गुणगुणत होती ते त्या वेळी आम्हाला कळलं.

"काका, हलू नका," सायली मॅडम एकदम म्हणाल्या. "वीणा काढल्यावर तुमचा खांदा केवढा खाली आला. आधी तो कानाला लागायच्या बेतात होता आणि मान एका बाजूला. आधीच काढून बसला असता तर मला हे दिसलंच नसतं. तनुजाताई, आता त्यांचा हात तुम्ही उचला, हळूच. काका, तुम्ही ढिला सोडा."

तनुजानं हात उचलला. खांद्याच्या रेषेवर अडकणारा हात तिथून पुढं गेला, अजून पुढं गेला, थेट कानाजवळ. भाऊ स्वतःच्या हाताकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसं बघत राहिले.

"म्हणजे सांधा धरलेला नाही. स्नायू दमलेत आणि आखडलेत."

भाऊंनी हात खाली घेतला. "ताई, एकच सांगा. वीणा सोडावी लागंल का?"

हे ते हळू बोलले होते, पण भोंग्याला हळू कळत नाही. नाल्यापलीकडची उपटणी थांबली.

"सोडायची कशाला? तास न् तास एकट्यानं धरायची नाही. अर्धा तास झाला की दुसऱ्याकडं द्यायची. पट्टा रुंद आणि मऊ करा. तीन व्यायाम सांगते, ते रोज. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर इथं येऊन दाखवा, मी हातानं तपासेन."

भाऊंनी डोळे पुसले, उजव्या हातानं. पाठोपाठ आम्ही नऊ जणांनीही पुसले. आता ते रीतीनं की खरंच, ते माझं मला माहीत.

मग व्यायाम झाले. खांदे मागं गोल फिरवा: नऊ टाळकऱ्यांनी फिरवले. हनुवटी आत घ्या: भिकनला हनुवटी सापडेना. हात जोडून वर न्या, उजव्यानं डाव्याला आधार द्या: त्याला भिकननं ठेकाच लावला आणि मॅडम तिकडं मोजायचं सोडून ताल धरायला लागल्या.

तेवढ्यात कडुबा बुक्क्याची पिशवी घेऊन घामाघूम आत आला. भोंगा त्यानं वेशीपासून ऐकला होता. "मी आलो. द्या वीणा."

वच्छलाबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "थांब जरा. माझा अर्धा तास व्हायचाय."

काल्याच्या कीर्तनाला वीणा भाऊंच्याच गळ्यात होती. पट्ट्याला वच्छलाबाईंच्या जुन्या नऊवारीची घडी शिवलेली. अर्धा तास झाला तशी वीणा त्यांच्या गळ्यात गेली, आणि भाऊंनी मोकळे खांदे तीनदा मागं फिरवले. झालं. अख्ख्या मांडवानं फिरवले. परगावचे बुवा एवढा भक्तिभाव बघून इतके भारावले की त्यांनी कीर्तन पाऊण तास लांबवलं. दहीहंडी फुटली तेव्हा भाऊंचा डावा हात कानाच्या थोडा खाली होता. पण वर होता.

गोष्ट संपली. माझं एवढंच ऐका. कुठंही कीर्तनाला बसलात की बुवांच्या मागं वीणा घेऊन उभा असलेला माणूस बघा, आणि त्याच्या गळ्यातला पट्टा बघताना मुदपाकखान्यात उपाशीपोटी पोळ्या लाटणाऱ्या आमच्या वच्छलाबाईंची तेवढी आठवण ठेवा.