मास्तरांचे शनिवार

मास्तरांच्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. चारच ओळी होत्या. 'गेले तीन शनिवार आला नाहीस. गुण पूर्ण झाले असतील, तर आनंद आहे. तरी येत जा. चहा दोघांचा टाकायची सवय लागली आहे.' वाचताना त्याचे कान तापले. उद्या लिहू म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये गेलं, आणि उद्या म्हणता म्हणता सहा महिने झाले.

मास्तर म्हणजे त्याचे पहिले साहेब. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कुणाच्याही कामाच्या वेळापत्रकावर लाल पेन्सिल चालवायचे, म्हणून ते नाव पडलेलं. प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र त्याने त्यांच्याच आग्रहाने घेतलं होतं. ते टिकवायचं तर दर तीन वर्षांत साठ गुण जमवावे लागत. तासभर शिकलं की एक गुण. तहान लागल्यावर विहीर खणायची ही त्याची जुनी खोड. शेवटच्या चार महिन्यांत तो कानाला ऑनलाइन व्याख्यानं लावून भाजी निवडू लागला.

"अहो, गुण तुम्हाला आणि काड्या भाजीत," बायको म्हणाली.

तरी सोळा गुण कमी पडले. मग नियमावलीत एक वाट सापडली. अनुभवी माणसाकडून मार्गदर्शन घेतलं, तरी तास धरत होते. तो मास्तरांकडे जाऊ लागला. आठ शनिवार, दोन-दोन तास. सतराव्या तासाला तो गेलाच नाही.

आणि आता ईमेल आला होता. पडताळणीसाठी त्याचं नाव निघालं होतं. मार्गदर्शनाच्या तारखा, विषय आणि मार्गदर्शकाची सही वीस दिवसांत पाठवा, नाहीतर प्रमाणपत्र रद्द. कंपनीने त्याला ठेवलं होतं ते या प्रमाणपत्रावरच. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"जा की मग. सहीच मागायचीय, मुलगी नाही मागायची," बायको म्हणाली.

"सहा महिने तोंड दाखवलं नाही. आता फॉर्म घेऊन जाऊ?"

"मग फॉर्म काय आपल्या पायांनी जाईल?"

सतरा दिवस तो धीर गोळा करत राहिला. अठराव्या दिवशी गेला. दार मास्तरांच्या मुलीने उघडलं. आत पुठ्ठ्याची खोकी मांडलेली.

"बाबा गेले, दादा. दीड महिना झाला. तुमचा नंबर कुठे सापडेना." मग तिने त्याच्या हातातल्या फाइलकडे पाहिलं. "सहीसाठी आलात ना? ते म्हणालेच होते, येईल म्हणून."

त्याने फाइल पाठीमागे नेली. तिने एका खोक्यातून वही काढून दिली. "काम झालं की परत द्या हं. बाबांचं अक्षर आहे."

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'पडताळणीत लागेल. हा स्वतः मागणार नाही, लाजेल.' पुढे आठ शनिवारांची आठ पानं. तारीख, तास, विषय, खाली सही. त्यापुढची पानं कोरी असतील असं त्याला वाटलं. ती नव्हती. 'शनिवार नववा. विषय: उशीर झाला हे वरिष्ठांना कसं सांगावं. आला नाही.' 'शनिवार दहावा. विषय: चुकीचा अंदाज वेळेत मागे घेणं. आला नाही.' असे एकतिसाव्यापर्यंत. तिथे अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं, आणि विषय अर्ध्यावरच राहिला होता.

मास्तरांच्या टेबलाशी उभं राहून त्याने आठ पानांचे फोटो काढून पाठवले. वही मात्र तिथे ठेववेना, ती तो घरी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: पुरावा मान्य, साठपैकी साठ.

"सुटलात बाई एकदाचे!" बायको म्हणाली. तो "हो" म्हणाला आणि ताटावरून उठला.

मग तो पत्र लिहायला बसला. 'आपली प्रकृती ठीक नाही हे मला माहीत नव्हतं' अशी सुरुवात केली आणि फाडली. कामाचा व्याप लिहिला, तोही फाडला. शेवटी जे उरलं ते एवढंच:

'मास्तर, गुण पूर्ण झाले होते, म्हणून आलो नाही. दुसरं कारण नव्हतं. तुम्ही ते ओळखलंत, याची लाज वाटली. मग त्या लाजेपायी आलो नाही.'

पत्र त्याने वहीत ठेवलं आणि वही पाकिटात घातली. पाकिटावर नाव मुलीचं घालावं की काय, यावर बराच वेळ अडला. मग मास्तरांचंच घातलं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.