चिंधी बांधलेलं वांगं

ताप उतरला.

तिथूनच बिघडलं.

सरस्वतीला रक्ताचा कर्करोग होता. मेहकरच्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, महादेवरावांना, स्पष्ट सांगितलं होतं: हा रोग जाणार नाही. पण रक्तात जंतूही शिरलेत. तेवढे मारले तर पोरीला दिवाळी दिसेल.

दिवाळी. एवढंच मागणं.

एकोणपन्नास साल. अकोल्याहून बर्फात पेनिसिलीन आलं. सुया सुरू झाल्या. सरस्वती भाकर मागू लागली.

"सगळ्या बाटल्या संपवायच्या," डॉक्टर म्हणाले होते.

संपवायच्या?

महादेवरावांच्या सुलतानपूरच्या मळ्यात सगळ्यात देखणं वांगं तोडत नाहीत. त्याला चिंधी बांधतात, झाडावरच पिकू देतात. बियाण्यासाठी. यंदाची चिंधी सरस्वतीनं बांधली होती, आपल्या जुन्या लुगड्याची.

चांगलं ते राखायचं असतं. महादेवरावांनी डॉक्टरांना न विचारता सुया अर्ध्यावर थांबवल्या, उरलेल्या बाटल्या धोतराच्या सोग्यात बांधल्या.

"बाबा, दवा सरली?"

"सरली."

"मंग सोग्यात काय वाजून राह्यलं?"

"तुह्या आत्याचे दात."

ती हसली. बैलगाडीत हसतच घरी आली. बाटल्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत गेल्या.

गावात पोरींची भुलाबाईची गाणी सुरू झाली आणि ताप परतला. पुन्हा मेहकर. वाळूतल्या बाटल्या. सुया. ताप हलेना.

"काऊन उतरत नाही जी? दवा तं तेच हाय."

"दवा तीच आहे, महादेवराव. जंतू ते नाहीत. पहिल्या सुया अर्ध्यावर सुटल्या; कच्चे मेले, चिवट तेवढे उरले. आता त्यांचीच वीण वाढलीय. आणि हिच्या रक्तात त्यांच्याशी लढणारं कोणी उरलेलं नाही."

महादेवराव रिकाम्या बाटलीकडे पाहत राहिले. बुडाशी अजून वाळू होती.

"म्हंजे त्यायनंबी बियाणं राखलं."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, नागपूरला दुसरं औषध आहे. तार करतो.

"बाबा," सरस्वतीनं डोळे न उघडता विचारलं, "वांगं पिवळं पडलं?"

"पडून राह्यलं."

"कोणाले तोडू देऊ नोका."

"नाही."

नागपूरचं औषध वसुबारसेला आलं. सरस्वती त्याआधीच गेली होती.

मळ्यात वांगं पिवळंजर्द झालं होतं. महादेवरावांनी चिंधी सोडली. वांगं तोडवेना. चिंधी पुन्हा बांधायला घेतली.

गाठ तिच्यासारखी बसेना.