समोरच्याचा विमा

मी एक छोटी, जुनी गाडी बोलतेय. जरा जवळ या. हॉर्न कधीचाच गेलाय, आणि मोठ्याने बोलायची ताकद आता उरलेली नाही. गॅरेजच्या मागच्या अंगणात, झिजलेल्या टायरांच्या ढिगाशेजारी मी उभी आहे. पुढचा भाग चेपलाय, एक दिवा वायरीला लोंबतोय. भंगारवाल्याची माणसं आज-उद्यात मला न्यायला येतील. तोवर मला काही काम नाही, म्हणून तुम्हाला धरलं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी ऐट काही विचारू नका. पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला बायकोसाठी घेतलं आणि सीटवरचं प्लॅस्टिक कितीतरी दिवस काढूच दिलं नाही. प्रत्येक वळणावर बिचारी त्यावरून घसरायची. त्या काळात विमा कंपन्या आपण होऊन फोन करायच्या. माझ्या काचेला, टायरला, किल्लीलासुद्धा विम्याचं कवच होतं. नव्या नवरीची चौकशी सगळेच करतात. जुनी झाली की तिला कुणी पाणीही विचारत नाही, हे मला पुढे कळलं.

डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली आणि मी काका-काकूंकडे आले. गल्लीतले सगळे त्यांना काका-काकूच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काका फरशांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. काकू केस कापतात. पण त्यांचं दुकान नाही. जी माणसं अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्या केस कापतात, दाढी करतात, डोकं धुऊन देतात. माझ्या डिकीत त्यांचं घडीचं घंगाळ, एप्रन, पाणी फवारायची बाटली आणि कापडात गुंडाळलेल्या कात्र्या असायच्या. माझ्या सीटच्या शिवणीत अजूनही कुणाकुणाचे पांढरे केस अडकलेले सापडतील.

सुरुवातीला काका मला चालवायचे. मग त्यांना काचबिंदू झाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हा ज्या वयात लोक गाडी चालवणं सोडतात, त्या वयात काकू ते शिकल्या. काका बाजूला बसून दाराची मूठ घट्ट धरायचे आणि घरी पोचल्यावर म्हणायचे, "हौस आहे नुसती!" काकू मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली घ्यायच्या.

शिकताना धडपडायचंच. फाटकाचा खांब, शेजाऱ्यांचा कट्टा, एकदा तर उभी असलेली पाण्याची टाकी. माझ्या अंगावर पोचे पडत गेले. गॅरेजवाला दर वेळी म्हणायचा, "काका, विमा आहे ना? क्लेम करा, ठोकून-रंगवून नवी करून देतो."

"क्लेम केला की बोनस जातो," काका म्हणायचे.

हा बोनस म्हणजे काय, ते सांगते. वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सवलत मिळते. काकांचा त्या सवलतीवर भारी जीव. तिच्यापायी माझी सगळी दुखणी मी अंगावर काढली. विमा होता, पण औषधाला नव्हता.

आणि हा विमा काढायचा कुणाकडून? तर भाचेजावयाकडून. काकांच्या बहिणीच्या मुलीचा नवरा विमा एजंट. माणूस वाईट नाही, पण जावई तो जावई. दर वर्षी यायचा, चहा घ्यायचा, आकडा सांगायचा. जावयाशी घासाघीस करणार कोण? काका नंदीबैलासारखी मान डोलवायचे. तो गेला की माझ्यात येऊन बसायचे, काचा वर करायचे आणि मग जे बोलायचे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझं दुःख वेगळंच होतं. दर वर्षी नव्या कागदावर माझी किंमत लिहिली जायची आणि ती आदल्या वर्षापेक्षा कमी असायची. तुमच्याकडे दर वर्षी कुणी येऊन, चहाचा घोट घेत, तुमची किंमत उतरवून जातं का? हप्ता मात्र कधी त्या मानाने उतरला नाही. ऐकून ऐकून मी कंटाळले होते.

या वर्षी तर कहर झाला. माझी किंमत आणखी घसरली आणि हप्ता वर गेला. जावईबापू म्हणाले, "मामा, जुन्या गाडीला असंच असतं." ते गेल्यावर काका काकूंना म्हणाले, "विकून टाकू या गाडी. परवडत नाही."

"आणि मी काय घंगाळ डोक्यावर घेऊन हिंडू?" काकू म्हणाल्या. "अहो, ती माणसं वाट बघत असतात माझी. दुसरीकडे विचारून तरी बघू. स्वस्तात मिळेल कुठेतरी."

"जावयाला काय वाटेल? ताईला काय तोंड दाखवू?"

"लग्न त्यांचं भाचीशी झालंय. आपल्या गाडीशी नाही."

विम्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि विमा नसेल तर मला रस्त्यावर काढणार नाही, असं काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे विमा मिळाला नाही, तर काम बंद. घरात फोनला रेंज येत नसे, म्हणून दोघं दुपारी माझ्यात येऊन बसायची आणि एकेका कंपनीला फोन लावायची. माझ्याबद्दलचं सगळं बोलणं माझ्याच पोटात बसून चालायचं.

"सर, गाडी किती जुनी आहे?" पलीकडून विचारणा व्हायची.

काका आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, पण इथे ते घसा खाकरून म्हणायचे, "तशी जुनी आहे, पण वापर अगदी बेताचा."

मग गाणं वाजायचं. गाणं संपलं की, "सॉरी सर, इतक्या जुन्या गाडीला पूर्ण विमा आम्ही देत नाही." एकाने तर वय ऐकून गाणंसुद्धा वाजवलं नाही.

एका कंपनीने चारी बाजूंनी माझे फोटो मागवले. काकू फोटो काढायला लागल्या तर काका मोठ्या पोच्यासमोर जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, सहज उभे असल्यासारखे. दुसऱ्या बाजूच्या फोटोतही काका. मागच्या फोटोतही काका. संध्याकाळी कंपनीतून फोन आला, "सर, कृपया गाडीचे फोटो पाठवा, तुमचे नकोत." काकू इतक्या हसल्या की त्यांना माझ्या दाराला टेकावं लागलं. काकाही हसले. त्या आठवड्यात माझ्याजवळ कुणी हसलं ते तेवढंच. खरे फोटो गेले आणि त्या कंपनीने जावयापेक्षाही मोठा आकडा सांगितला.

शेवटी एका मुलीने नीट समजावून सांगितलं. आवाजावरून तीही दिवसभराच्या फोनांनी दमलेली वाटत होती. म्हणाली, "मॅडम, जुन्या गाडीला पूर्ण विमा महागच पडणार. थर्ड पार्टी घ्या. तो स्वस्त आहे आणि कायद्याला तेवढा पुरतो."

"थर्ड पार्टी म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे समोरच्याचा विमा. तुमच्या गाडीमुळे कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई कंपनी करेल."

"आणि आमच्या गाडीला काही झालं तर?"

"ते मग तुमचं तुम्हाला बघावं लागेल, मॅडम."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? आख्ख्या जगाला माझ्यापासून वाचवायची सोय झाली होती, आणि मला वाचवायची कुठलीच नव्हती. शिवाय या विम्यात बोनसचा प्रश्नच नव्हता. "इतक्या वर्षांचा बोनस गेला," काका हळहळले. आणि मी अंगावर काढलेली दुखणी? तीही फुकट गेली. पण आकडा परवडणारा होता. काकूंनी लगेच होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी डिकीत कात्र्या ठेवून आम्ही निघालो. ज्यांच्याकडे गेलो त्या आजोबांनी खोलीतून ओरडून विचारलं, "आलीस का गं? मला वाटलं, विसरलीस." तेव्हा माझाही राग निवळला.

भाचेजावयाला कळायचं ते कळलंच. तो आला, माझ्या बॉनेटवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मामा, परक्यांकडे गेलात. एक शब्द तरी टाकायचा होता." काका खाली चपलांकडे बघत राहिले. काकूंनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. काकू एका वृद्धाश्रमातून परत येत होत्या. काका बरोबर नव्हते. उताराचा रस्ता होता, आम्ही काही जोरात नव्हतो. इतक्यात बाजूच्या बोळातून शाळेच्या कपड्यातली एक मुलगी सायकलवरून सुसाट बाहेर आली, थेट माझ्यासमोर. ब्रेक लागून थांबायला जागा नव्हती. एकीकडे ती, एकीकडे विजेचा खांब. काकूंनी मला खांबावर घातलं.

कागद बघितलात तर काकूंनी चुकीच्या बाजूला वळवलं असंच म्हणाल. त्या मुलीला लागलं असतं तर कंपनीने पैसे दिले असते. माझे कुणी देणार नव्हतं. पण तेवढ्या वेळात कुणाला कागद आठवतो? आणि आठवला असता तरी काकूंनी मला तिकडेच नेलं असतं. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पहिल्यांदाच मला माझ्या किमतीचं काही वाटलं नाही.

मुलगी घाबरून पडली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. काकूंनी दार लोटलं, धावत जाऊन तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं, मग सणसणीत रागावल्या, आणि मग तिचाच हात धरून फूटपाथवर बसल्या. "सॉरी काकू, मी बघितलंच नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मला ओढून या गॅरेजमध्ये आणलं. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं आणि डोकं खाजवलं. "काकू, सगळं करून देतो. पण तेवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल. हिला भंगारात दिलेलं बरं."

"द्या," काकू म्हणाल्या. "आणि दुसरीबिसरी काही नको. माझं चालवणं संपलं आता. हे म्हणायचे तेच खरं, हौस होती नुसती. कळवलंय सगळ्यांना, केस कापायला दुसरी बाई बघा म्हणून."

मला भंगारात जायचं दुःख नव्हतं. दमले आहे मी, कधीतरी जायचंच होतं. पण काकूंचं ते बोलणं ऐकून माझ्या चेपलेल्या पत्र्याखाली जे काही शिल्लक होतं, तेही तुटलं.

बातमी कळल्यावर भाचेजावईही काका-काकूंना भेटायला गॅरेजमध्ये आला. मला चहूबाजूंनी न्याहाळून हसत म्हणाला, "मामी, विमा तर समोरच्याचा काढला होतात. मग खांबावर कशाला गेलात?"

त्याने गमतीत म्हटलं असावं. पण कुणी हसलं नाही. गॅरेजवाल्याने हातोडी खाली ठेवली.

"जावईबापू, गप्प बसा," काका म्हणाले.

जावई बघतच राहिला. मीही. इतक्या वर्षांत काकांनी त्याच्यासमोर साधा "पण" उच्चारला नव्हता.

"आज सकाळी मी त्या बोळापाशी जाऊन उभा राहिलो होतो," काका म्हणाले. "ती पोरगी सायकलवरून शाळेत गेली. मला धड दिसत नाही, पण ती दिसली. हिच्या जागी मी असतो ना, तर माझ्या हातून झालं नसतं ते. मी हिशेब करत बसलो असतो."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. जावयाने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "चुकलं माझं, मामी."

मला आतून मागच्या अंगणात काढायचं होतं. इंजिन बंद, म्हणजे ढकलावं लागणार, आणि स्टेअरिंगवर कुणीतरी हवं. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या गाड्या. गॅरेजवाला म्हणाला, "काका, तुम्ही बसा आत."

"मी नाही. ही बसेल," काका म्हणाले.

"अहो, हात थरथरतायत माझे," काकू म्हणाल्या.

"थरथरू देत. तुझ्यासारखी गाडी आमच्यात कुणाला येत नाही. बस."

काकू बसल्या. मागून काका, गॅरेजवाला आणि हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलेला जावई, असे तिघं ढकलायला लागले. स्टेअरिंगवरचा काकूंचा हात आधी खरंच थरथरत होता. मग वाटेच्या मध्यावर तो स्थिर झाला. दोन गाड्यांच्या मधून, कुणालाही न घासता, त्यांनी मला अंगणात आणून उभं केलं.

त्या लगेच उतरल्या नाहीत. समोर भिंतीशी एक पांढरी गाडी उभी होती. माझ्याएवढीच छोटी, माझ्यापेक्षा जरा तरुण, काचेवर "विकणे आहे" असं लिहिलेलं. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "जावईबापू, हिचा विमा किती बसेल हो?"

"बघून सांगतो, मामी. आणि घासाघीस करा माझ्याशी, लाजू नका."

काका माझ्या मागेच उभे होते. घामाघूम झालेले, धापा टाकत. ते नको म्हणाले नाहीत.

एवढीच माझी कहाणी. आता मला झोप येतेय. तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी म्हातारी उभी असेल, तर निदान तिच्यासमोर तरी तिची किंमत सांगू नका. ऐकू येतं आम्हाला. आणि त्या पांढरीला माझा एक निरोप द्या. म्हणावं, काकू ब्रेक जरा जोरात दाबतात आणि मागे घेताना खांब विसरतात. अंगावर पोचे पडतील, पण घाबरू नकोस. गाडी कुठे वळवायची, ते त्यांना बरोबर कळतं.