घरी भाजल्याचं पत्र

युनियनच्या ऑफिसात तिला सगळे पत्रकवाली म्हणत. पत्रकं लिहायची तीच, व्हिडिओ काढायचे तिनेच, बातमीदारांच्या मागे लागायचंही तिनेच. वय सव्वीस. कामगारांची भाषा तिला शिकावी लागली नव्हती. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आजीचा जन्म गेला होता, आणि तिच्यामागून आत्या तिथेच वाफेच्या प्रेसवर उभी राहिली होती. आईबाप लवकर गेल्यावर पत्रकवालीला वाढवलं ते या आत्यानेच. "आपल्या घरात वाफेवर न शिजलेली ही पहिलीच," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

काम भराभर उरकावं म्हणून मॅनेजरने प्रेसपुढची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी काढायला लावली, आणि आठ दिवसांत आत्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पत्रकवाली कॅमेरा घेऊन घरी गेली.

"हाताचं काय काढायचं ते काढ," आत्या म्हणाली. "तोंड दिसता कामा नये. मला अजून सहा वर्षं तिथे काढायचीत."

"नाही दिसणार. माझ्यावर सोड."

पण व्हिडिओची काटछाट करताना तिची नजर एका जागी अडली. पट्टी सोडताना आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. नुसत्या हाताने जे झालं नसतं, ते त्या चार सेकंदांच्या चेहऱ्याने होणार होतं. तिने ते ठेवले. विचारलं तर आत्या नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

व्हिडिओ गावभर झाला. युनियनच्या सरचिटणीसांनी तिची पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी आत्याला गेटवरच अडवून कामावरून काढल्याची चिठ्ठी हातात दिली.

आत्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रोज पहाटे उठायची, आवरायची आणि खुर्चीत बसून राहायची. पत्रकवालीने सगळीकडे खेटे घातले. कालपर्यंत फोन करणारे बातमीदार आता फोन उचलेनात. सरचिटणीस म्हणाले, "केस लढू. दोनेक वर्षं धरून चाल."

मग मॅनेजरचा निरोप आला. जाळी जागेवर होती, हात घरी भाजला, असं लिहून द्या, मग परत घ्यायचं बघू.

"तसं दिलं तर बाकीच्या चाळीस बायकांची जाळीबद्दलची तक्रार मोडीत निघेल," सरचिटणीस म्हणाले. "मी हो म्हणणार नाही."

ती घरी आली तर आत्या कागद-पेन घेऊनच बसलेली.

"तू लिही. मला या हाताने जमत नाही."

"आत्या, हे खोटं आहे."

"मला सांगतेस? हात माझाच आहे."

"आणि त्या बायका?"

आत्या पट्टीचा दोरा ओढत राहिली. "त्यांच्यासमोर कशी उभी राहायची ते मी बघीन. पण असं बसून राहिले तर मला वेड लागेल गं."

तिने लिहिलं. पंधरा मिनिटांत झालं, आणि चांगलं झालं, याचीच तिला शिसारी आली. आत्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

मॅनेजरने पत्र ठेवून घेतलं आणि दोघींना बाहेर थांबायला सांगितलं. दोन तासांनी वॉचमन आला. "कळवू म्हणालेत." संध्याकाळच्या पाळीपर्यंत त्या पत्राची प्रत प्रत्येक बाईच्या हातात होती. आत्याला काही आत घेतलं नाही.

सकाळी सरचिटणीसांनी तीच प्रत पत्रकवालीपुढे टाकली. "ही भाषा तुझ्या आत्याची नाही. मॅनेजरच्या वकिलाने लिहून जबरदस्तीने सही घेतली, असं उत्तर दुपारपर्यंत तयार ठेव."

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"वकिलाने नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं." आणि त्या चार सेकंदांपासूनचं सगळं तिने सांगून टाकलं.

सरचिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरला. "ऑफिसची किल्ली ठेव इथे," ते शेवटी म्हणाले. "पण उत्तर लिहून जा. दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

तिने ते स्वतःच्या नावाने लिहिलं: जाळी नव्हती, हात प्रेसवर भाजला, खोटं पत्र माझं, आत्याचा चेहरा तिला न विचारता मी दाखवला. छापायच्या आधी ते घरी नेऊन वाचून दाखवलं.

"हे वाटलंस तर मला कायमचं दार बंद," आत्या म्हणाली.

"हो."

आत्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "वाटून टाक. कुठे उघडं आहे आता?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुपारच्या पाळीला पत्रकवाली गेटवर उभी राहिली. बऱ्याच बायका पत्रकाला हात न लावताच पुढे गेल्या. आत्याच्या शेजारच्या प्रेसवर काम करणारी थांबली, तिने पत्रक वाचलं.

"कालचं खरं की आजचं?"

"आजचं."

"उद्या आणखी एक आणशील," ती म्हणाली, पत्रक परत केलं आणि आत गेली.